आई-आजीची स्मरणिका वर्षश्राद्धापर्यंत कशी तयार करावी? (सातारा-सांगलीकडच्या घरांसाठी)

माणगंगा
वर्षश्राद्धाला आई-आजीची पुस्तिका वाटायची पद्धत आपल्याकडे आता बऱ्यापैकी रुळली आहे. पण हातात येणाऱ्या बहुतेक पुस्तिकांत बाईचं आयुष्य लग्नापासून सुरू होतं. त्याआधीची पंधरा-अठरा वर्षं 'माहेर अमुक गाव' एवढ्यावर संपतात. मग मुलांची नावं, नातवंडांच्या पदव्या, आणि शेवटी 'प्रेमळ, कष्टाळू, मायाळू'. हे तीन शब्द कुठल्याही बाईला लागू होतात, म्हणून ते कुणाचेच नसतात. ती बाई वाचणाऱ्याला दिसावी यासाठी काय गोळा करायचं, कुठून आणि कुठल्या क्रमानं, यासाठी हा धागा.

माझ्या मते क्रम असा असावा. पहिल्या दोन महिन्यांत फक्त माणसांकडे जायचं: तिची धाकटी बहीण, जावा, नणंद, शेजारीण, रानात सोबत जाणाऱ्या बायका. त्यातही आधी माहेरचं गाव, कारण तिकडची तिच्या वयाची माणसं आपल्या ओळखीचीही नसतात आणि ती गेली तर कुणी कळवतही नाही. कागदपत्रं त्यानंतर. फोटो सगळीकडून एकत्र करायला तीन महिने धरा. मजकूर लिहायला दोन आणि छापखान्याला किमान दीड महिना.

वर्षश्राद्धाची तिथी आधीच काढून घ्या. ती इंग्रजी तारखेच्या साधारण ११ दिवस आधी येते. मध्ये अधिक महिना आला तर हिशेब बदलतो आणि घरोघरची रीतही वेगळी असते. छपाईचा दिवस तारखेवरून धरला तर पुस्तिका विधीनंतर हातात पडते.

माणसांशी बोलताना 'आजीबद्दल काहीतरी सांगा' असं विचारू नये. उत्तर 'लई चांगली व्हती' एवढंच येतं. कामाचं आणि जागेचं विचारावं. पाणी कुठनं आणायच्या, आडाचं का नदीचं? डोक्यावर किती घागरी? चूल कुठल्या भिंतीला होती? भांगलायला कुणाच्या रानात जायच्या, मजुरी किती मिळायची, पैशात की धान्यात? पहिलं बाळंतपण कुठं झालं, सुईण कोण होती? माहेरी न्यायला मुऱ्हाळी म्हणून कोण यायचं, बैलगाडीनं की चालत? एका उत्तरातून पुढची दहा निघतात.

नकलनवीस
उत्तम धागा. कागदपत्रांचं मी लिहितो, कारण इथं बहुतेकांची दिशाच चुकते.

पहिली अडचण नावाची. शाळेत माहेरचं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव असतं. रेशनकार्डावर आणि सातबाऱ्यावर सासरचं. शोधायला जाताना दोन्ही नावं, तिच्या वडिलांचं आणि आजोबांचं नाव कागदावर लिहून न्या. जन्माच्या जुन्या नोंदीत बऱ्याचदा मुलीचं नावच नसतं, बापाचं नाव आणि 'मुलगी' एवढंच असतं. म्हणून शोध बापाच्या नावानं आणि अंदाजे सालावरून करायचा, मागेपुढे तीन वर्षं धरून.

दुसरी अडचण जिल्ह्याची. सांगली जिल्हा पूर्वी नव्हताच. १९४९ साली साताऱ्यातून 'दक्षिण सातारा' वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. तासगाव किंवा वाळव्याकडची बाई १९३५ ची असेल तर कागदावर 'जिल्हा सातारा' येणार, त्यात काही चूक नाही. मिरज-सांगली पटवर्धनांच्या संस्थानांत, जत वेगळं संस्थान, आटपाडी औंधकडे, फलटण निंबाळकरांकडे. ही संस्थानं १९४८ मध्ये विलीन झाली, त्यामुळे त्याआधीचे कागद संस्थानी नमुन्यातले असतात.

कुठं काय मिळतं:
शाळेचं जनरल रजिस्टर हा सगळ्यात भरवशाचा कागद. प्राथमिक शाळेत मुख्याध्यापकांकडे उतारा मागता येतो. त्यात जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस आणि बऱ्याचदा सोडण्याचं कारण असतं. 'घरकामासाठी' किंवा 'लग्न' हे कारण दुसरीच्या वर्गापुढं लिहिलेलं दिसलं की तो उतारा जसाच्या तसा पुस्तिकेत छापावा. त्याला शब्दांची जोड लागत नाही. मात्र रजिस्टरातली जन्मतारीख खरीच असेल असं नाही. मुलं दाखल करताना गुरुजी १ जून लिहून टाकत, म्हणून १ जून दिसली तर साल धरा, दिवस धरू नका.

गावचं जन्ममृत्यूचं कोतवाल बुक तहसीलच्या अभिलेख कक्षात असतं. जुन्या नोंदी मोडीत असतात, सोबत मोडी वाचणारा माणूस हवा. फेरफार नोंदवहीत (जमिनीच्या मालकीतले बदल लिहायची वही) वारसांची नावं सापडतात. तिचे वडील वारल्यावर झालेला फेरफार काढला तर भावंडांची यादी मिळते, बऱ्याचदा लग्न होऊन गेलेल्या बहिणींसकट; फार जुन्या फेरफारात मात्र लेकींची नावं नसूही शकतात.

पत्रिकेत किंवा जुन्या वहीत शके असेल तर ७८ मिळवा. चैत्र ते मार्गशीर्ष एवढं चालतं. माघ-फाल्गुनासाठी ७९. पौषात दोन्ही शक्यता असतात, तिथं पंचांगच पाहावं लागतं.

सज्जनगडच्या_पायथ्याशी
आजीच्या पिढीला स्वतःचं जन्मसालच माहीत नसायचं आणि शाळाही नव्हती. अशा वेळी काय करायचं?

नकलनवीस
घटनांची दोरी धरायची. आपल्या भागाला त्या भरपूर आहेत. 'पत्री सरकार' (साताऱ्याचं प्रतिसरकार) म्हणजे १९४२ नंतरची तीन-चार वर्षं. 'गांधीबाबाला मारलं, जळीत झालं' म्हणजे १९४८ ची सुरुवात. 'कोयनेचा भूकंप' ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. 'मिलो (परदेशी लाल ज्वारी) खाल्ला, सुकडी खाल्ली, खडी फोडली' म्हणजे १९७२ चा दुष्काळ. ज्या घरांतले पुरुष मुंबईच्या गिरणीत होते त्यांना 'संपाचं साल' म्हणजे १९८२.

विचारायचं असं: भूकंप झाला तेव्हा तुमच्या मांडीवर कोण होतं, पाळण्यात कोण? मग त्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरून पडताळा. दोन वेगळ्या घटनांवरून एकच साल निघालं तर ते पक्कं धरा. एकाच घटनेवरून निघालेलं साल 'सुमारे' लावून लिहा. पुस्तिकेत 'सुमारे १९३८' असणं खोट्या १ जूनपेक्षा चांगलं.

गिरणगावात नवरा असलेल्या बायकांच्या घरात पोस्टकार्डं आणि आंतरदेशीय पत्रं सापडतात. मजकुरात तारीख नसली तरी पोस्टाचा शिक्का बघा. तो बाहेरच्या बाजूला तिकिटावर असतो आणि पोचल्याचा दुसरा शिक्काही असू शकतो. मनीऑर्डरीची पावती-पट्टी टाकू नका. तिच्यावर दोन ओळींचा निरोप असतो.

ओली_पानं
सांगली, मिरज, वाळवा, पलूस, कराड भागातल्या घरांसाठी फोटोंचं वेगळं लिहायला हवं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत असंख्य घरांतले अल्बम भिजले, आणि त्यानंतर जे केलं गेलं त्यानं पाण्यापेक्षा जास्त नुकसान झालं. लोकांनी ते उन्हात वाळत घातले. उन्हात फोटो वळतो, वरचा थर तडकतो आणि एकमेकांवर असलेले फोटो कायमचे चिकटतात.

पुन्हा वेळ आली तर असं करा. हातमोजे घाला, पुराचं पाणी गटाराचं असतं. फोटो ओले असतानाच, सुकायच्या आत, स्वच्छ थंड पाण्याच्या परातीत ठेवा. चिकटलेले ओढू नका, पाण्यात राहू द्या, आपोआप सुटतात. चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही, कडेनं धरायचं. दोन-तीन वेळा पाणी बदला. मग चित्र वर करून टीपकागदावर किंवा जुन्या धुतलेल्या सुती कापडावर सावलीत ठेवा. छापील वर्तमानपत्रावर नको, शाई उतरते. घरच्या प्रिंटरवर काढलेले फोटो मात्र पाण्यात बुडवू नका, त्यांचा रंग वाहून जातो.

फोटो खूप असतील आणि दोन दिवसांत आवरणार नसेल तर मध्ये मेणकागद घालून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये ठेवा. बुरशी थांबते, नंतर थोडे थोडे काढून धुता येतात.

तसबिरीतला ओला फोटो ताबडतोब काचेपासून वेगळा करा. एकदा काचेला चिकटून सुकला की सोडवू नका, सोडवताना चेहराच काचेवर राहतो. तो काचेसकट स्कॅन करावा.

आता चांगल्या फोटोंचं. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो काढताना नखानं उचकटू नका. दात साफ करायचा बारीक दोरा (फ्लॉस) फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवा. फोटोच्या मागे बॉलपेननं लिहू नका, पुढून वळ उठतो. मऊ पेन्सिलीनं कडेला लिहा: कोण, कुठं, साल, आणि ही ओळख कुणी पटवली.

स्कॅनचं प्रमाण: पोस्टकार्ड आकाराला ६०० डीपीआय (दर इंचाला ठिपके), पासपोर्ट आकाराला १२००. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा फोटो १२०० ला स्कॅन केला तर छापताना सुमारे १४ बाय १८ सेंटिमीटरपर्यंत मोठा करता येतो, म्हणजे ए-५ चं (ए-४ च्या निम्म्या कागदाचं) जवळजवळ पूर्ण पान. गेलेल्या बऱ्याच बायकांचा एकट्याचा फोटो म्हणजे मतदार ओळखपत्राचा किंवा बँकेच्या पासबुकाचा, म्हणून हे महत्त्वाचं.

आणि व्हॉट्सॲपवर फोटो मागवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखा पाठवला तर तो लहान होऊन येतो, मोबाइलवर छान दिसतो आणि छापल्यावर फुटतो.

शेंडेफळ
फोटो सुंदर करून देणारी ॲप आली आहेत, आजीचा धूसर चेहरा एकदम स्वच्छ करतात. ते वापरावं का?

ओली_पानं
ओरखडे, डाग, घडीची रेघ काढायला हरकत नाही. चेहरा धूसर असताना ॲप जो चेहरा देतं तो त्यानं अंदाजानं रचलेला असतो. गोंदण पुसलं जातं, कपाळावरचं आडवं कुंकू टिकली होतं, सुरकुत्या जातात. तिला ओळखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दाखवलं की 'ही कोण?' असं विचारतात. मूळ स्कॅन वेगळा ठेवा आणि पुस्तिकेत मूळच छापा, लहान आकारात छापा हवं तर.

जात्यापाशी
आवाजाबद्दल दोन गोष्टी तातडीच्या आहेत म्हणून आधी सांगते.

आईचा मोबाइल नंबर बंद पडू देऊ नका. रिचार्ज न करता, न वापरता राहिलेला नंबर काही महिन्यांत दुसऱ्याला दिला जातो. व्हॉट्सॲपचं खातं १२० दिवस वापरलं नाही तर तेही काढून टाकलं जातं. तिच्या फोनमधून आणि भावंडांच्या फोनमधून तिचे व्हॉइस मेसेज बाहेर काढून दोन ठिकाणी ठेवा, एक कॉम्प्युटरवर आणि एक पेनड्राइव्हवर. 'चॅट एक्स्पोर्ट' मीडियासकट करता येतं, पण संभाषण फार मोठं असेल तर जुना भाग सुटतो. म्हणून जुने मेसेज हातानं निवडून वेगळे पाठवा.

जुन्या कॅसेट असतील तर आधी फीत बघा. पांढरी बुरशी दिसली तर प्लेअरमध्ये घालू नका, तीच बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. ९० मिनिटांच्या कॅसेटची फीत पातळ असते, ती पुढे-मागे पळवू नका, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाच चालवा आणि त्याच वेळी रेकॉर्ड करा.

आता ओव्या. आई गेली तरी तिच्या ओव्या तिच्याबरोबर दळणाऱ्या जावेकडे किंवा माहेरच्या मैत्रिणीकडे असतात. पण 'ओवी म्हणा' म्हटलं की दोन म्हणून थांबतात. घरात जातं असेल तर मांडा, पायलीभर जोंधळे घ्या आणि दोघींना बसवा. हात फिरायला लागला की ओवी येते, एकीनं पहिली ओळ म्हटली की दुसरी उचलते. जात्याची घरघर आवाजावर चढू नये म्हणून फोन जमिनीवर ठेवू नका. घडी घातलेल्या टॉवेलवर, स्टुलावर, तोंडाच्या उंचीला, हातभर लांब. पंखा बंद. सुरुवातीला गाव, तारीख आणि म्हणणारीचं नाव बोलून घ्या.

उतरवताना बोली बदलू नका. 'व्हता', 'न्हाई', 'लेकी'ची 'ल्येक' जशी आली तशी. 'गं बाई', 'माझ्या' असे भर घालणारे शब्द पहिल्या ओवीत पूर्ण लिहा, पुढे गाळले तर तसं कळवा. प्रत्येक ओवीखाली कुणी म्हटली आणि ती कुणाला उद्देशून आहे (भाऊ, लेक, विठ्ठल, सासू) एवढं लिहा. तीच ओवी चार गावांत सापडेल, ती तिची 'स्वतःची' होती का या वादात पडू नका. तिनं कुठल्या निवडल्या आणि त्यात भावाचं नाव कुठलं घातलं, ते तिचं आहे.

मापटं_चिपटं
'आईच्या हातचं' हे पदार्थांचं पान हवंच, पण 'अंदाजे मीठ, थोडं तिखट' लिहून उपयोग नाही. तिच्याबरोबर स्वयंपाक केलेली सून किंवा लेक असेल तर तिला नेहमीसारखं करू द्या, वजनकाटा डब्याखाली ठेवा. मूठ घ्यायच्या आधी आणि नंतरचं वजन पाहा, फरक म्हणजे मूठ. असं तीनदा करून सरासरी काढा. भांड्यात पडलेलं मोजण्यापेक्षा हे सोपं आणि तिचा हातही अडत नाही.

जुन्या वहीत मापं असतील तर कोष्टक असं: २ निळवी म्हणजे कोळवं, २ कोळवी म्हणजे चिपटं, २ चिपटी म्हणजे मापटं, २ मापटी म्हणजे शेर, ४ शेर म्हणजे पायली. पण ही मापं भरायची आहेत, वजनाची नाहीत. घरातलं तेच मापटं काढा, त्यात तोच जिन्नस भरा आणि वजन करा. सपाट भरायची की शिगेनं हे विचारल्याशिवाय लिहू नका, फरक मोठा पडतो.

नमुना म्हणून कांदा-लसूण मसाला. आपल्याकडे चालणारं एक प्रमाण: मिरची १ किलो (निम्मी संकेश्वरी, निम्मी ब्याडगी), कांदा १ किलो, लसूण अर्धा किलो, सुकं खोबरं अर्धा किलो, धणे पाव किलो, तीळ पाव किलो, जिरं १०० ग्रॅम, खडे मीठ पाव किलो आणि गरम मसाला घरच्या रीतीनं. पुस्तिकेत आईचं प्रमाण यापेक्षा कुठं वेगळं होतं ते लिहा. आणि बिघडतं कुठं तेही लिहा: कांदा उन्हात सुकवून नंतर तेलात कडक तांबूस तळला नाही तर ओल राहते आणि पावसाळ्यात बुरशी धरते. लसूण ओला राहिला तर वास बदलतो. डंकावरून (मसाला कुटायच्या यंत्रावरून) आणलेला मसाला गरम असतानाच बरणीत भरला तर झाकणाला घाम येतो, परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यावा. हे 'असं करू नगं' तिच्याच शब्दांत कुणाला आठवत असेल तर तेच छापा.

वाकळ
लुगड्यांचं कुणी बोललं न्हाई म्हणून लिहिते. ताई, सगळी लुगडी वाटून टाकू नका. एक इरकली न फाडता ठेवा, बाकीच्यांची वाकळ (गोधडी) करा, म्हंजे सगळ्या लेकींना मिळतं.

वाकळंला फक्त सुतीच. नायलॉन-पॉलिस्टर मधी घातलं की धुतल्यावर सुती आटतं, दुसरं आटत न्हाई, आणि मधी गोळं व्हतात. सगळं कापड आधी धुवून घ्या, लाल आणि हिरवं वेगळं भिजवा, रंग सोडतंय का बघा. नऊवारी आठ मीटरच्या वर भरतं, त्याचं चार तुकडं केलं की एका माणसाच्या वाकळंचं दोन मीटर लांबीचं चार पदर निघतात. जीर्ण झालेलं मधी, धड असलेलं वर-खाली. आधी चारी बाजूंनी लांब टाके घालून पदर जागच्या जागी धरा, मग कडंपासनं सुरू करून गोल गोल आत या, धावदोरा, दोन ओळींत एक बोट. मधून सुरू केलं तर कापड कडंला जमतं आणि चुण्या पडतात. काठ फाडून टाकू नका, चारी बाजूंना तेच लावा. जरीचा काठ मात्र नको, धुतल्यावर टोचतो.

ठेवणीतलं लुगडं प्लॅस्टिकमधी नको. धुतलेल्या पांढऱ्या सुती फडक्यात, सहा महिन्यांनी घडी बदलून. त्याच घडीवर वर्षानुवर्षं राहिलं की घडीवरच चिरतं. डांबरगोळी कापडाला लागू देऊ नका.

कृष्णाकाठ
सगळं गोळा झाल्यावर लिहिताना एक प्रश्न हमखास येतो: किती खरं लिहायचं? लहानपणीच गेलेली मुलं, नवऱ्याचं व्यसन, सवत, जमिनीचा वाद.

माणगंगा
गेलेल्या मुलांची नावं वंशावळीत घालावीतच. नाव ठेवायच्या आधी गेलं असेल तर 'मुलगा, सुमारे १९६१'. आईच्या मनात तिची मुलं सात होती आणि पुस्तिकेत चार छापली तर तिचं आयुष्य कमी केल्यासारखं होतं. वंशावळीत लेकी, त्यांची सासरची गावं आणि आईचं माहेरचं घराणंही वर दोन पिढ्या असावं. नुसती मुलग्यांची वंशावळ सातबाऱ्याला पुरते, स्मरणिकेला नाही.

बाकीच्याचं असं: जे हयात माणसाला लागेल ते त्याला छापण्याआधी वाचून दाखवायचं. नको म्हणाला तर पुस्तिकेत नाही, पण घरच्या वहीत लिहून ठेवायचं. जमिनीचा वाद पुस्तिकेत अजिबात नको, उद्या कोर्टात कुणीतरी तेच पान पुढं करेल. तिचे कष्ट मात्र झाकू नका. दुष्काळात खडी फोडली असेल तर 'कामाला जात असे' असं सौम्य करू नका, 'खडी फोडली' असंच लिहा, किती वर्षांच्या मुलाला बांधाला झोपवून गेली ते लिहा.

पेठेतला_छापखाना
छपाईचं सांगतो. ए-५ आकार, ४८ पानं हे घरच्या स्मरणिकेला पुरतं. पानं चारच्या पटीत हवीत. मध्ये पिन मारून ६४ पर्यंत ठीक, त्याच्यावर पुस्तिका मिटत नाही, मग चिकटवून बांधणी करावी लागते. आतला कागद ९० जीएसएम (कागदाची जाडी सांगणारं वजन) मॅपलिथो, म्हणजे साधा पांढरा छपाईचा कागद, फोटो जास्त असतील तर तेवढी पानं १३० च्या आर्ट पेपरवर (गुळगुळीत कागदावर). कव्हर २५० किंवा ३०० चं, मॅट लॅमिनेशन. दोनशे-तीनशे प्रतींपर्यंत डिजिटलवर काढा, पाचशेच्या वर ऑफसेट परवडतं.

वाचणारे निम्मे साठीच्या पुढचे असतात, अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको. आतल्या बाजूला १५ मिलीमीटर समास सोडा, नाहीतर ओळी पिनेत जातात.

सगळ्यात मोठा घोळ फॉन्टचा. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये (सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षरांत) लिहिता, छापखान्यात बऱ्याच ठिकाणी अजून श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-पद्धतीवर काम चालतं. बदलताना 'ऱ्या', 'ऱ्हा', 'ॲ', 'श्र', 'ङ' यांची मोडतोड होते. 'कऱ्हाड'चं 'कर्हाड' होतं, 'सुऱ्या' बिघडतात. म्हणून पहिलं प्रूफ अर्थासाठी वाचू नका, फक्त जोडाक्षरांसाठी वाचा. दुसरं प्रूफ फक्त नावं आणि सालांसाठी, आणि ते घरातल्या दोन वेगळ्या माणसांनी, एक सासरचा आणि एक माहेरचा. तिसरं पीडीएफवर, आणि त्यात फॉन्ट एम्बेड (फाइलमध्येच बसवून) करून मागा. फोटोंच्या ओळी फोटोंशी जुळतात का हे शेवटच्या प्रूफला पुन्हा बघा, पानं हलली की त्या अदलाबदल होतात.

शेंडेफळ
किती प्रती काढाव्यात? विधीला दोनशे माणसं येतील.

पेठेतला_छापखाना
दोनशे माणसं म्हणजे साधारण ऐंशी घरं, घराला एक. त्यावर माहेरच्या गावासाठी वेगळ्या पंचवीस धरा, त्या नेहमी विसरतात. वर पंधरा शिल्लक, परगावच्या भाचरांसाठी. म्हणजे एकशेवीस. चुका कळल्या तर दुरुस्त करून पुन्हा डिजिटलवर काढता येतात, म्हणून पहिल्याच खेपेला पाचशे काढू नका. एक प्रत तिच्या शाळेला आणि एक गावच्या वाचनालयाला द्या, आणि पीडीएफ सगळ्या भावंडांकडे ठेवा.

माणगंगा
माहेरच्या पंचवीस प्रती विधीच्या आदल्या आठवड्यात मुऱ्हाळ्याच्या घरी पोचवा. वर्षश्राद्धाला तिकडची म्हातारी माणसं येऊ शकत नाहीत, आणि पुस्तिकेतली माहेरची पानं बरोबर आहेत का ते तीच सांगू शकतात. जी दुरुस्ती येईल ती याच धाग्यात टाकली तर पुढच्यांना कळेल कुठं काय चुकतं.